थेंबांचा हिशेब : घरच्या बागेतील ठिबक

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला प्रमादचर्या हा प्रकार आपल्या नित्याच्या जीवनाला सर्वांत जवळचा. काही प्रयोजन नसताना जमीन उकरणे, पाणी सांडणे, अग्नी पेटविणे, वारा घालणे, झाडपाला तोडणे, उगाच हिंडणे आणि दुसऱ्याला हिंडविणे, या साऱ्यांची गणना आचार्यांनी त्यात केली आहे. गृहस्थाला पाणी वापरावेच लागते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा आक्षेप आहे तो विफल आरंभाला, म्हणजे ज्यातून काहीच निष्पन्न होत नाही अशा वापराला.

या कसोटीवर घरची बाग तपासून पाहण्यासारखी आहे. अंगणातील चाफा, गच्चीवरचा मोगरा, कुंडीतील कढीपत्ता, गवती चहा, वेलीवरचे दोडके ही काही निष्फळ गोष्ट नव्हे. फुले वाहण्याविषयी आपल्यातच दोन परंपरा आहेत, त्या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. ज्यांच्याकडे फुले वाहतात त्यांना ती घरची लागतात आणि ज्यांच्याकडे वाहत नाहीत त्यांनाही सकाळी दाराशी हिरवे काही दिसावे असे वाटते. प्रश्न बाग असावी की नसावी हा नाही. बागेला दिलेल्या पाण्यापैकी झाडाच्या मुळाशी किती पोहोचते आणि वाया किती जाते, हा आहे. जैन घरात तो अधिक टोचावा असा आहे, कारण आपल्या दृष्टीने पाणी ही नुसती वस्तू नाही. अप्काय जीवांचे ते शरीर आहे आणि एका थेंबात असे असंख्यात जीव मानले आहेत.

या प्रश्नाचे उत्तर घरबसल्या काढता येते. बागेला पाणी घालण्याचा रबरी पाइप एका बादलीत सोडावा आणि बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. अर्ध्या इंची पाइपातून नेहमीच्या दाबाला मिनिटाला बारा लिटरच्या आसपास पाणी येते. चाळीस कुंड्यांच्या गच्चीला पाइपाने पाणी घालायला वीस मिनिटे लागतात असे धरले, तर २४० लिटर झाले. आता झाडांची गरज पाहू. दख्खनच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत उघड्या पाण्याच्या पृष्ठभागावरून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होते. बारा इंची कुंडीच्या तोंडाचे क्षेत्रफळ धरले तर हे पाऊण लिटरही होत नाही. झाडाचा घेर कुंडीबाहेर, समजा दीड फूट पसरलेला असेल तर दीड लिटरच्या किंचित वर. लहान-मोठ्या कुंड्या मिळून सरासरी सव्वा लिटर धरले, तर चाळीस कुंड्यांना पन्नास लिटर पुरतात. म्हणजे भर उन्हाळ्यात, झाडांना सढळ हाताने देऊनसुद्धा, उरलेले १९० लिटर कुठे तरी दुसरीकडेच गेले.

ते कुठे जातात हे पाहिले की मन अधिक अस्वस्थ होते. काही भाग पाने आणि फरशी भिजवून उडून जातो. काही कुंडीच्या बुडातल्या भोकातून खत आणि माती घेऊन बाहेर पडतो. काही कुंडीखालच्या बशीत साचतो. बशीतले हे स्वच्छ, स्थिर पाणी डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला अंडी घालण्यासाठी फार आवडते आणि उन्हाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. मग औषध फवारण्याची पाळी येते. आधी अप्काय जीवांचा व्यर्थ घात, मग त्या पाण्यात त्रस जीवांची उत्पत्ती आणि शेवटी त्यांची हिंसा, अशी ही साखळी आहे. जी फरशी रोज ओली राहते तिच्यावर शेवाळ धरते. शेवाळावर पाय पडू नये म्हणून आपल्या घरांतली वडीलधारी माणसे चातुर्मासात किती जपून चालतात! बारा महिने पाइप चालणाऱ्या गच्चीवर मात्र आपणच ते शेवाळ वाढवीत असतो.

ठिबक सिंचनाचा विचार मी प्रथम येथून करतो, पाणीपट्टीपासून नाही.

गळतीपासून तोटीपर्यंत

थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. महाराष्ट्रात वैशाखात तुळशीवर गळती लावण्याची प्रथा जुनी आहे. बुडाला बारीक छिद्र पाडलेले मडके वर टांगायचे आणि छिद्रात कापसाची वात किंवा दर्भाची काडी बसवायची, म्हणजे थेंब अडत अडत पडतो. मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून, त्यात पाणी भरून, त्याच्या भोवती वेल लावण्याची रीतही कोरडवाहू भागात होती. मडके कच्च्या भाजणीचे असले की त्याच्या अंगातून पाणी पाझरते आणि भोवतालची माती सुकेल तसे ते अधिक पाझरते. माती ओली असेल तर पाझर आपोआप मंदावतो. चीनमधील इसवी सनपूर्व पहिल्या शतकातल्या एका शेतीग्रंथातही या पुरलेल्या मडक्याचे वर्णन आहे. एवढे साधे आणि एवढे शहाणे साधन आजच्या महागड्या यंत्रांतही क्वचित सापडते.

आधुनिक ठिबकाची गोष्ट इस्राएलमधली. सिम्हा ब्लास नावाच्या जलअभियंत्याने १९३०च्या दशकात एक झाड पाहिले. शेजारची झाडे खुरटलेली होती, हे एकटेच जोमाने वाढले होते, आणि जवळ उघडे पाणी कुठेच दिसत नव्हते. उकरून पाहिले तेव्हा जमिनीखालच्या नळाच्या जोडातून बारीक गळती होत असल्याचे आढळले. ही कल्पना त्याच्या डोक्यात अनेक वर्षे तशीच राहिली, कारण तिला साजेशी नळी तेव्हा स्वस्तात मिळत नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक सुलभ झाले आणि १९६५ मध्ये हात्सेरिम या किबुत्झच्या साहाय्याने नेताफिम कंपनी उभी राहिली.

ब्लासच्या शोधाचे मर्म पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नळीला बारीक छिद्र पाडले म्हणजे ठिबक झाले असे नव्हे. सुईने पाडलेल्या छिद्रातून पहिल्या दिवशी पिचकारी उडते आणि आठवड्याभरात ते मातीच्या कणाने बुजते. ड्रिपरच्या, म्हणजे तोटीच्या, आत पाण्याचा मार्ग लांब आणि नागमोडी केलेला असतो. प्रत्येक वळणावर पाणी भिंतीवर आदळते, त्याचा जोर खर्ची पडतो आणि बाहेर येताना ते निव्वळ थेंब होऊन येते. मार्ग लांब असल्याने तो फार अरुंद ठेवावा लागत नाही, त्यामुळे कण अडकण्याची शक्यता घटते. मोठा जोर छोट्या छोट्या अडथळ्यांनी शमविणे, एवढेच हे तंत्र आहे.

आपल्या देशात हे तंत्र सामान्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते, त्यांत जळगावचे भवरलालजी जैन यांचे नाव अग्रस्थानी आहे. जामनेर तालुक्यातील वाकोद हे त्यांचे गाव. घरच्या सात हजार रुपयांच्या पुंजीवर १९६३ मध्ये त्यांनी रॉकेलचा व्यापार सुरू केला. पुढे पीव्हीसी पाइप आणि १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ठिबक, असा त्यांचा प्रवास झाला. खानदेशातील केळीची बाग आणि ठिबकच्या काळ्या नळ्या यांचे चित्र आज वेगळे करता येत नाही. अमेरिकेतील इरिगेशन असोसिएशनने १९९७ मध्ये त्यांना क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार दिला, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. व्यापारात यश मिळविलेले श्रावक आपल्यात अनेक आहेत. ज्याच्या मालानेच पाण्याची बचत होते असा व्यापार निवडणारे थोडे.

त्याच २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत सुमारे पन्नास हजार लिटर पाणी. त्या दिवसांत लातूरच्या कित्येक घरांतून कुंड्या रिकाम्या झाल्या असतील. आणि जेथून ते पाणी गेले, त्या कृष्णाकाठी नेमके उलटे दुखणे आहे. शिरोळ, मिरज, वाळवा या तालुक्यांत आपल्या समाजाचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या ऊस पिकवितात. पाटपाण्याने सतत भिजत राहिलेल्या त्या काळ्या जमिनींपैकी हजारो एकर क्षारपड झाल्या आहेत. पाण्याची पातळी वर आली, तिच्याबरोबर क्षार वर आले, पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. पांढऱ्या पडलेल्या त्या शेतांत आता चर खोदून, सच्छिद्र पाइप पुरून, जादा पाणी बाहेर काढण्याचे खर्चिक काम चालू आहे. एकीकडे पाण्याअभावी आणि दुसरीकडे पाण्याने, दोन्ही प्रकारे जमीन मरते हे महाराष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहिले आहे. कुंडीतही हेच घडते. कुंडीच्या कडेवर जो पांढरा पापुद्रा चढतो, ती क्षारपडीचीच छोटी आवृत्ती समजावी.

झाडाला हवा असतो वाफसा

शेतकऱ्याच्या तोंडी असलेला ‘वाफसा’ हा शब्द शहरातल्या बागप्रेमींनी आवर्जून आत्मसात करावा. मातीच्या कणांमधल्या पोकळीत थोडे पाणी आणि थोडी हवा असते, ती स्थिती म्हणजे वाफसा. मुळे श्वास घेतात, त्यांना हवा लागते. पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की मुळे गुदमरतात, पाने पिवळी पडतात, आणि झाड तहानलेले आहे असे समजून आपण आणखी पाणी ओततो. कुंडीतली झाडे उपासापेक्षा अतिभोजनानेच अधिक मरतात, असे माझे निरीक्षण आहे. पाइपाने पाणी दिले की आधी चिखल होतो, मग एखाद दिवस वाफसा येतो आणि पुन्हा कोरड पडते. ठिबकाने रोज थोडे थोडे दिले की वाफसा टिकून राहतो. पाण्याची बचत हा त्याचा अर्धाच लाभ झाला.

जमिनीत पडलेला थेंब कसा पसरतो हेही समजून घेतले पाहिजे. काळ्या चिकण मातीत तो आडवा पसरतो आणि खाली हळूहळू उतरतो. मुरमाड किंवा वाळूमिश्रित मातीत तो सरळ खाली जातो, आजूबाजूला फारसा पसरत नाही. शेतीच्या पुस्तकांत या ओल्या भागाला कांद्याची उपमा देतात. आपण भोपळ्याची देऊ. अंगणातल्या काळ्या मातीत हा भोपळा बसका होतो आणि मुरमाड मातीत दुधी भोपळ्यासारखा लांबट. म्हणून अंगणातील चिकूच्या किंवा लिंबाच्या झाडाला मुरमाड जमिनीत एका तोटीने भागत नाही. आळ्याच्या कडेने तीन-चार तोट्या गोलाकार लावाव्या लागतात. बारा इंची कुंडीला एक तोटी पुरे, आणि ती खोडाला चिकटवून न लावता खोड व कड यांच्या मधोमध असावी. मोठ्या ड्रमला समोरासमोर दोन. निव्वळ कोकोपीटमध्ये लावलेल्या झाडांबाबत एक सावधगिरी हवी. कोकोपीट एकदा पूर्ण वाळले की पाणी धरत नाही, कडेच्या फटीतून ते सरळ खाली जाते. त्यात निम्मी माती आणि शेणखत मिसळलेले बरे.

गच्चीवरची मांडणी अगदी सोपी आहे. टाकीपासून किंवा नळापासून एक झडप, तिच्यापुढे जाळीची गाळणी, मग कठड्याच्या कडेने फिरविलेली १२ किंवा १६ मिलिमीटरची काळी नळी. तिच्यावर पंचाने छिद्र पाडून प्रत्येक कुंडीकडे चार मिलिमीटरची बारीक नळी न्यायची आणि तिच्या टोकाला तोटी बसवून ती काडीने मातीत रोवायची. मुख्य नळीच्या शेवटी बंद टोपण. नळी काळीच घ्यावी, पारदर्शक नळीत ऊन शिरते आणि आत शेवाळ वाढते. एवढे सामान कोणत्याही तालुक्याच्या गावी शेती-साहित्याच्या दुकानात सुटे मिळते, आणि ते शहरातल्या शोभिवंत खोक्यातल्या संचापेक्षा बहुधा स्वस्त आणि टिकाऊ असते. शासनाचे ठिबक अनुदान शेतजमिनीसाठी आहे, कुंड्यांसाठी नाही, तेव्हा त्याची आशा धरू नये.

खरी अडचण दाबाची. तोटीवर ‘तासाला ४ लिटर’ असे लिहिलेले असते ते साधारण दहा मीटर उंचीवरून येणाऱ्या पाण्याच्या दाबाला. आपल्या गच्चीवर टाकी जिन्याच्या खोलीवर, म्हणजे कुंड्यांपासून अडीच-तीन मीटर उंच असते. दाब पावपट झाला की नागमोडी मार्गाच्या साध्या तोटीतून येणारे पाणी निम्मे होते. म्हणजे चार लिटरची तोटी तासाला दोन लिटरच देईल. त्यात बिघडत काही नाही, फक्त वेळ त्या हिशेबाने धरावा. सव्वा लिटरसाठी पाऊण तासाहून थोडे कमी. दुकानदार ‘प्रेशर कॉम्पेन्सेटिंग’ तोट्या चांगल्या म्हणून पुढे करतो आणि त्या शेतात चांगल्या असतातही. पण त्यांच्या आतला रबरी पडदा काम करण्यासाठी निदान पाच मीटर उंचीइतका दाब लागतो. टाकीच्या उतरत्या पाण्यावर त्या घेऊ नयेत. पाणी सोडल्यावर पहिल्या आणि शेवटच्या तोटीखाली एकेक पेला ठेवून दहा मिनिटांनी दोन्ही ताडून पाहावेत. फार फरक असेल तर नळी मधूनच सुरू करून दोन्ही बाजूंना न्यावी.

दोन गाळण्या

ठिबकचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे गाळ. म्हणून १२० मेशची जाळीची गाळणी त्यात अपरिहार्य असते. हे सांगताना हसू येते, कारण पाणी गाळल्याशिवाय वापरू नये हे ज्या समाजाला कुणी शिकवावे लागत नाही, तोच समाज ठिबकची गाळणी काढून ठेवतो, ‘पाणी तर नगरपालिकेचे स्वच्छच आहे’ असे म्हणून!

तरी या दोन गाळण्यांत गल्लत होऊ नये. जाळीची गाळणी तोटीच्या रक्षणासाठी असते. आपले दुपदरी गाळणे पाण्यातील जीवांच्या रक्षणासाठी असते. छत्तीस अंगुळे लांब आणि चोवीस अंगुळे रुंद कापडाचे माप, ते दुपदरी करण्याची रीत, गाळल्यावर उरलेली जीवाणी ज्या जलाशयातले पाणी त्याच जलाशयात हळुवार परत सोडण्याचा दंडक आणि गाळलेल्या पाण्याला दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची, मर्यादा, या सर्वांमागे यतनेचे शास्त्र आहे. प्लॅस्टिकची जाळी बसविली म्हणून ते पाळले गेले असे कोणी समजू नये. मात्र विहिरीचे पाणी गाळून टाकीत भरणारी जी घरे आजही गावोगावी आहेत, त्यांच्या ठिबकची जाळी महिनोन्‌महिने तुंबत नाही, हा व्यवहारातला अनुभव. विहीर जवळ असेल तर जीवाणी पोहोचविणेही तेथे सुकर असते.

बोअरचे पाणी असेल तर गाळापेक्षा क्षारांचा त्रास अधिक. तोटीच्या तोंडाशी पांढरी पूड जमते आणि थेंब थांबतो. अशी तोटी काढून रात्रभर स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावी, सकाळी धुवावी. शेतात आम्लप्रक्रिया करतात, ती घरी करण्याचे धाडस नको. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी बागेला घालावे का, असे अनेक भगिनी विचारतात. त्यात मूळ पाण्यातले क्षार एकवटलेले असतात. फरशी पुसायला, शौचालयात टाकायला ते वापरावे. तुळस, मोगरा, गुलाब यांना रोज तेच दिले तर पानांच्या कडा करपतील. पाणी मृदू करणाऱ्या यंत्राचे पाणी तर नकोच, त्यात सोडियम असते आणि त्याने मातीचा पोत बिघडतो. ठिबकाने क्षार ओल्या भोपळ्याच्या कडेला साचत जातात, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा कुंडीला बुडातून निथळेल इतके पाणी हाताने द्यावे. त्या एका दिवसाचे जादा पाणी सप्रयोजन असते, विफल नव्हे.

पैशांचे काय, असे व्यवहारी वाचक एव्हाना विचारीत असतील. जेथे नळाचे पाणी मुबलक आणि स्वस्त आहे तेथे ठिबकने पैसे फारसे वाचत नाहीत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. टँकरवर दिवस काढणाऱ्या वसाहतींचा हिशेब वेगळा. दहा हजार लिटरचा टँकर समजा १५०० रुपयांना पडला, तर लिटरला पंधरा पैसे झाले. वर काढलेले १९० लिटर दिवसाला वाचले तर साडेअठ्ठावीस रुपये, आणि मार्च ते मे या ९२ दिवसांत २,६०० रुपयांच्या वर. आपल्या गावच्या दराने ज्याने त्याने हा हिशेब करावा, आणि त्याच्याशी चाळीस कुंड्यांच्या सामानाची किंमत ताडून पाहावी. शिवाय टँकरचे पाणी कोणाच्या तरी विहिरीतून येते, आणि त्या विहिरीभोवतीही झाडे असतात, माणसे असतात. ते आकड्यात येत नाही.

झडपेवर बॅटरीचे घड्याळ बसवून सगळे आपोआप करण्याकडे हल्ली ओढा आहे. टाकीच्या कमी दाबावर चालवायचे असेल तर चेंडूझडपेचे घड्याळ घ्यावे. विद्युत्-चुंबकी झडपेची बहुतेक घड्याळे एवढ्या कमी दाबाला नीट चालत नाहीत. पर्युषणात किंवा यात्रेला आठवडा-पंधरा दिवस बाहेर राहणाऱ्या कुटुंबांना घड्याळाची सोय मोठी. पण घरी असतानाही सारे घड्याळावर सोपविणाऱ्यांच्या बाबतीत माझा अनुभव निराळा आहे. घड्याळ पाऊस ओळखत नाही. वळवाची सर कोसळत असते आणि इकडे तोट्या निमूटपणे टपकत असतात. प्रमाद टाळण्यासाठी आणलेले साधन असे प्रमादाचे निमित्त होऊ शकते. बोटाची दोन पेरे मातीत घालून ओल पाहणे हे सर्वांत विश्वासू यंत्र, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

बागेला हात लावण्याचा आनंद ठिबकने जातो, अशी तक्रार ज्येष्ठ मंडळी करतात. ती खोटी नाही. पहाटे सामायिक आटोपून झारीने एकेका झाडाला पाणी घालणे हा अनेकांच्या दिनक्रमातला शांत अर्धा तास असतो. दहा-बारा कुंड्या असतील आणि पाणी झारीने घातले जात असेल, तर ठिबकची गरजच नाही. झारीत मापून घेतलेले पाणी हेसुद्धा परिमाणच होय. ठिबक हवे ते मोठ्या बागांना, आणि ज्यांना गुडघ्यांमुळे बादल्या उचलवत नाहीत त्यांना. ओळखीच्या एका ऐंशी वर्षांच्या श्राविकेने गच्चीवरची बाग मोडायला काढली होती. ठिबक लावल्यावर तिने रोजचा अर्धा तास वाळलेली पाने वेचण्यात आणि कुंड्यांवर त्यांचेच आच्छादन घालण्यात घालवायला सुरुवात केली. आच्छादनाने ओल आणखी टिकते. मात्र पाचोळ्यात किडामुंगी आश्रय घेते, तेव्हा तो हलविताना हात सावकाश चालवावा आणि वाळलेला पाचोळा जाळू नये.

खारी उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या कुरतडतात, अशीही तक्रार येते. त्यांना आतल्या पाण्याचा सुगावा लागतो. नळीवर औषध लावण्याचे, सापळा लावण्याचे सल्ले मिळतात, ते आपल्या घरांत चालणारे नाहीत. कठड्यावर सावलीत एक पसरट मातीचे भांडे पाण्याने भरून ठेवले, रोज घासून भरले, की कुरतडणे बरेच कमी होते. पाखरेही येतात. रोज घासण्याचा कंटाळा मात्र करू नये, नाही तर बशीतल्या डासांची गोष्ट पुन्हा सुरू व्हायची.

आषाढात पावसाने जोर धरला की ठिबक बंद करावे. बंद करण्यापूर्वी नळीच्या शेवटचे टोपण काढून पाणी पुरते सोडावे, म्हणजे वर्षभर साचलेला गाळ निघून जाईल. पहिले गढूळ पाणी बादलीत धरून अंगणातल्या मोठ्या झाडाच्या आळ्यात हलकेच सोडावे. तोट्या काढून, सुकवून, कापडी पिशवीत ठेवाव्यात. कुंड्यांखालच्या बशा चातुर्मासभर उचलून पालथ्या घालाव्यात. पावसाच्या पाण्याने कुंड्यांतले क्षार धुऊन निघतात, झाडांची पालवी तकाकते आणि बागेला आपल्या हाताच्या पाण्याची गरज दिवाळीच्या सुमारास, थंडी कोरडी पडू लागली की मगच भासते. तेव्हा नव्या टोपणासाठी शोधाशोध होऊ नये, म्हणून जुने टोपण त्याच पिशवीत तोट्यांसोबत बांधून ठेवावे. चिमुकली वस्तू आहे, हमखास हरवते.